गच्चीवरची तांब्याची तार

मित्रांनो, कान पिळला की रडणारी मुलं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. कान पिळला की बोलू लागणारा मात्र मी एकटाच. मी एक जुना, शॉर्टवेव्हचा रेडिओ आहे. धारवाडात शकुंतलाबाईंच्या घरी, स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या फडताळावर हल्ली माझा मुक्काम असतो.

माझं अंग लाकडाचं, छाती जाळीदार कापडाची आणि कपाळावर काचेची पट्टी. त्या पट्टीवरून लाल काटा सरकतो. सुभाष रोडवरच्या एका दुकानातून बाईंच्या यजमानांनी, सुमंतराव वकिलांनी, मला घेतलं आणि टांग्यातून, मांडीवर बसवून घरी आणलं. शेजारी हसले. "वकीलसाहेब, बाळाला टोपडं घाला की, वारं लागेल!" शकुंतलाबाईंनी ते मनावर घेतलं आणि खरंच माझ्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं.

तुम्हाला गंमत वाटेल, पण त्या काळी मला घरात ठेवायलाही सरकारी परवाना लागे. ऐकायला परवाना! हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

सुमंतरावांनी गच्चीवर दोन बांबू रोवले आणि त्यांच्यामध्ये तांब्याची तार ताणली. तिचं एक टोक खिडकीतून माझ्या पाठीशी आलं. मग काय विचारता! समुद्रापलीकडचे आवाज माझ्या पोटात उतरू लागले. सकाळी कन्नड वार्ता, दुपारी मराठी नाट्यगीतं, संध्याकाळी कुठल्या कुठल्या देशांच्या भाषा. निवडणुकीचे निकाल लागायचे तेव्हा गल्ली आमच्या ओट्यावर मावत नसे. "ए अण्णा, गप्प बस की! वार्ता लागली!" असं कुणी ओरडलं की माझी छाती फुगायची.

पुढे टीव्ही आला, मग मोबाईल आला. सुमंतराव गेले. मी माळ्यावर पितळी घंगाळाशेजारी जाऊन बसलो. आयुधपूजेला तेवढं मला खाली काढत, पुसत, कुंकू लावून शेवंतीचं फूल वाहत आणि पुन्हा वर ठेवत. वर्षातला एक दिवस देव, बाकीचे दिवस अडगळ. गच्चीवरच्या तारेचं तर विचारूच नका. सून वेदश्रीला मुलगी झाली, लीला. तेव्हापासून त्या तारेवर लंगोट आणि दुपटी वाळू लागली. मला राग नाही आला. बाळाच्या कपड्यांइतकं स्वच्छ त्या तारेने काय पाहिलं असणार!

त्याच सुमारास वरच्या खोलीत एक मुलगी राहायला आली. पूर्व आफ्रिकेतली, मोठ्या तळ्याकाठच्या एका देशातली. देशाचं नाव मी सांगत नाही. तिथे अजून माणसं बोलण्याआधी दार लावून घेतात. मुलीचं नाव सुबिरा. पत्रकारिता शिकायला आली होती.

"सुबिरा म्हणजे काय गं?" शकुंतलाबाईंनी विचारलं. त्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या, अर्थ विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

"म्हणजे... वाट बघणं. न चिडता."

"अगं, मग सबुरी म्हण की सरळ!" झालं. त्या दिवसापासून ती सबुरी.

तिच्या भाषेत बातमीला म्हणतात 'हबारी'. बाई म्हणाल्या, "आमचीच खबर ती, प्रवासात थोडी झिजली." गंमत अशी की तिकडे भेटल्यावरही 'हबारी?' असंच विचारतात, आणि उत्तर ठरलेलं: 'न्झुरी', म्हणजे छान. घर जळत असलं तरी आधी न्झुरी म्हणायचं, मग आग सांगायची. बाईंना हे फार आवडलं. रोज चहाच्या वेळी त्या जिन्यातून हाक मारत, "सबुरी, हबारी?" आणि वरून उत्तर येई, "न्झुरी, बाई!"

त्या वर्षी आयुधपूजेला मी खाली आलो तेव्हा सुबिराने माझ्यावरून हात फिरवला. "आमच्या घरी असाच होता," ती म्हणाली आणि तिने माझा कान पिळला. माझ्या पोटातून नुसती खरखर निघाली. पण त्या खरखरीने किरकिरणारी लीला एकदम गाढ झोपली. वेदश्रीने हात जोडले. "आई, ह्याला परत माळ्यावर टाकाल तर माझी शपथ आहे!" अशी माझी नोकरी पुन्हा सुरू झाली, अंगाई म्हणायची.

आणि मग सुबिराच्या देशात निवडणूक आली. तिची थोरली बहीण रेहेमा तिथल्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर बातम्या वाचत असे. बातम्या कसल्या, तर मासळी बाजारात काय चाललंय, कुणाचं मूल हरवलंय, दवाखान्यात औषध का नाही. एका मंत्र्याची मुलाखत घेऊन तिने हा शेवटचा प्रश्न विचारला आणि केंद्राच्या दाराला कुलूप लागलं. बोलण्याचा परवाना काढून घेतला म्हणे. मागोमाग देशभरचं इंटरनेट बंद. रेहेमाचा फोन लागेना. ती घरी आहे, पळून गेली, की तिला कुणी उचललं, काहीच कळेना.

सुबिरा फोन उशाशी घेऊन बसून राही. बाई विचारत, "हबारी?" ती डोळे पुसून म्हणे, "न्झुरी."

एका संध्याकाळी तिने माझा काटा हळूहळू फिरवला आणि तिच्या देशाचं सरकारी केंद्र लागलं. खणखणीत आवाजात निवेदक म्हणाला, "ताआरीफा या हबारी."

"काय? खबरींची तारीफ?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई, ताआरीफा म्हणजे वृत्तांत. बातमीपत्र."

निवेदक सांगत होता, सुबिरा अर्थ सांगत होती. पुलाचं उद्घाटन झालं. लोक आनंदाने नाचले. देशात सगळीकडे शांतता आहे.

"मग मी काय चुकीचं म्हटलं?" बाई म्हणाल्या. "तारीफच की ही! आणि हसू नकोस, आमच्याकडच्या टीव्हीवर काय निराळं असतं?"

सुबिरा कितीतरी दिवसांनी हसली. आणि हसता हसता रडायला लागली.

मग तिच्या वर्गातल्या, शेजारच्या देशातून आलेल्या मैत्रिणीने निरोप आणला. बंद केंद्रातली काही माणसं तिच्या देशात निसटली आहेत. रोज थोडा वेळ शॉर्टवेव्हवरून बोलतात, आपल्याकडे दिवेलागण होते तेव्हा. त्यांत रेहेमा आहे का, ते मैत्रिणीला ठाऊक नव्हतं.

दिवेलागणीला सगळ्या माझ्याभोवती जमल्या. मी जिवाचा कान केला, पण नुसता पापड तळल्यासारखा आवाज. बाईंनी खिडकीतून वर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं वेदे, तुझे ओले लंगोट तुझ्या सासऱ्यांच्या तारेवर!"

"मग वाळवू कुठे, तुमच्या आकाशवाणीवर?" वेदश्री फणकारली. पण बोलता बोलताच गच्चीवर धावली. कवटाळून लंगोट आणले, दुपटी आणली आणि तार मोकळी केली.

आवाज आला. पुरुषाचा. दुसऱ्या दिवशीही पुरुषाचाच. मग तोच नेम झाला. दिवे लागायच्या आत वेदश्री तार मोकळी करी, शेजारीण विचारी, "काय हो, पाऊस येतोय काय?" आणि ही सांगे, "पाऊस नाही हो, हबारी येत्येय." ओले लंगोट खुर्च्यांच्या पाठींवर पसरलेले, आणि त्यांच्यामध्ये बसलेली सुबिरा. रोज पुरुषाचाच आवाज. रोज न्झुरी.

त्या संध्याकाळी वारा होता. खरखरीच्या तळाशी एक बाईचा आवाज लागला, पण चिखलात रुतल्यासारखा. सुबिराने श्वास रोखला. तिला ओळखता येईना. मी माझी होती नव्हती ती ताकद लावली, मित्रांनो. तेवढ्यात ती बाई खोकली आणि हळूच म्हणाली, "सामाहानी."

"काय म्हणाली? समाधानी?" बाईंनी विचारलं.

सुबिराने माझ्या जाळीवर कपाळ टेकलं. "माफ करा, असं म्हणाली. ती खोकते, आणि मग लोकांची माफी मागते. आम्ही तिला चिडवायचो, सामाहानी अक्का." तिचे अश्रू माझ्या कापडात मुरत होते. "बाई, ती आहे. माझी अक्का आहे."

रेहेमा वाचत राहिली. दवाखान्यात अजून औषध नाही. पकडून नेलेल्या माणसांची नावं अशी अशी. स्वतःचं नाव तिने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

बातम्या संपल्या. बाईंनी नेहमीसारखं विचारलंच. "सबुरी, हबारी?"

"न्झुरी," ती म्हणाली. मग थांबून, "आज खरं."

मित्रांनो, मी म्हातारा झालोय. मला पुसा किंवा नका पुसू, एक दिवस माझा काटा थांबणारच. पण जगात कुठेतरी रोज एखाद्या आवाजाला कुलूप लागतं, आणि तो आवाज दुसऱ्या वाटेने कुणाचं तरी घर शोधत निघतो. तेवढ्यासाठी सांगतो. कपडे वाळवायला जागा पुष्कळ असतात. घरावरची एक तार मोकळी ठेवा.