न्हाणीघराच्या दारावरचा कागद

चिकटपट्टी मी लावली होती. आधीच सांगून टाकते, कारण ज्या दिवशी सांगायला हवं होतं त्या दिवशी माझी जीभ भलतीकडे वळली.

माझ्या न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे आणि छताजवळ हवेची जाळी. हिवाळ्यात त्या जाळीतून असा गार झोत यायचा की अंग पुसेपर्यंत दात वाजायचे, म्हणून तिच्यावर चिकटपट्टी. आमच्या इमारतीत सगळ्यांचं एकच: धुराडी तपासणारा येणार अशी चिठ्ठी खाली लागली की पट्टी काढायची, त्याला कॉफी पाजायची, त्याला पाहून नशीब उघडतं म्हणून गुपचूप आपल्याच कोटाचं बटण चिमटीत धरायचं, आणि तो वरच्या मजल्यावर गेला की पट्टी परत जागेवर. वीस वर्षं काही झालं नाही, त्यामुळे मीही स्वतःला शहाणी समजत होते.

तेक्ले माझ्याकडे भाड्याने राहायची. जॉर्जियातून पोलंडमधल्या आमच्या वुच शहरात दातांची डॉक्टर व्हायला आलेली, एकोणीस वर्षांची, काडी पहिलवान. विद्यापीठाने परदेशी पोरांना संकटात काय करायचं ते शिकवलं, आणि तेक्ले बाईसाहेबांनी घरी येऊन न्हाणीघराच्या दारावर कागद चिकटवला. 'आतून कडी लावू नका. कुणी बेशुद्ध पडलं तर गीझर बंद करा, खिडक्या उघडा, माणसाला बाहेर ओढा, ११२ ला फोन करा.' सगळ्यात खाली, 'माझं इथलं माणूस: बोगुशा मावशी,' आणि माझा नंबर.

"अगं, शिकायला आलीस की मरायला?" मी म्हटलं. "घराचा पार दवाखाना केलास."

"आई दोन हजार किलोमीटरवर आहे, मावशी. इथं कुणाला तरी हाक मारावी लागेल ना?"

"मग मार की. मी कुठे पळून चाललेय?"

वरवर करवादले, पण आतून सुखावले होते. माझा स्वतःचा मुलगा वर्षातून दोनदा फोन करतो.

अकलेचं दिवाळं निघालं होतं माझ्या. ती पट्टीकडे बोट दाखवून म्हणालीही होती, "मावशी, ती जाळी उघडी हवी, नाहीतर गीझरचा विषारी वायू आत साठतो असं सांगितलंय." मी तिला उडवून लावलं. "न्यूमोनिया झाला तर तुझ्या आईला काय उत्तर देऊ? माझ्या घरात मला शिकवू नकोस." मोठ्यांना उलटून बोलायची तिला सवय नव्हती.

जानेवारीतल्या एका शनिवारी मी बाजारातून कोबी घेऊन आले, तर न्हाणीघरात पाणी वाहत होतं. हाक मारली, उत्तर नाही. पोरींच्या आंघोळी म्हणजे काय, असं म्हणत मी अर्धा कोबी चिरला. तो अर्धा कोबी मला अजून झोपू देत नाही. पाणी थांबेना तेव्हा दार ढकललं. ती टबाशेजारी पडली होती.

काही सुचेना. समोर कागद होता. ज्याची टिंगल केली तोच मोठ्याने वाचत गेले आणि वाचलं तसं करत गेले. गीझर बंद केला, खिडक्या उघडल्या, काखेत हात घालून तिला ओढत जिन्यापर्यंत आणलं, फोन लावला.

रुग्णवाहिकेने तिला नेलं तेव्हा श्वास चालू होता. तिच्याबरोबर आगीचा बंबही आला होता; मागे राहिलेल्या बंबवाल्याने न्हाणीघरात वर जाळीकडे बघितलं. "ही पट्टी कुणी लावली?"

"पोरीने," मी म्हणाले. "थंडी सोसत नाही तिला."

त्याने ते लिहून घेतलं. माझीच मला शिसारी आली, पण शब्द मागे घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी मी कोंबडीचं सूप घेऊन दवाखान्यात गेले. विद्यापीठाच्या कचेरीतल्या बाई तिच्या पलंगाशी बसल्या होत्या. "अहवालात लिहिलंय की जाळी तूच बंद केलीस," त्या म्हणत होत्या. "आम्ही एवढं कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं."

तेक्लेने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. चुकलं माझं."

मी डबा खाली ठेवला. "खोटं बोलतेय ती. पट्टी मी लावली. तिने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, आणि वर तिच्यावर ढकलून मोकळी झाले."

"मेली असती ही," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे मला."

माझा जबाब लिहून घेऊन त्या बाहेर गेल्या. तेक्ले सूप प्यायली. "मीठ कमी पडलंय, मावशी," म्हणाली, आणि मला वाटलं, चला, सुटले.

मग तिने बाईंनी ठेवलेला फॉर्म पुढ्यात ओढला. 'इथलं माणूस' या ओळीत माझं नाव होतं. त्यावर तिने रेघ मारली आणि वर्गातल्या मैत्रिणीचं, मेदेआचं नाव लिहायला घेतलं.

"रागावले नाहीये, मावशी," ती म्हणाली. "पण मी बेशुद्ध असताना माझ्या वतीने खरं बोलणारं कुणीतरी हवं."

सलाइनच्या सुईमुळे तिचा एकच हात मोकळा होता आणि कागद सारखा सरकत होता. नंबर लिहून होईपर्यंत मी तो तिच्यासाठी धरून ठेवला.