घरातलं काही दिसू नये

रखमीने त्या दिवशी चूल घराबाहेर मांडली. अंगणात तीन दगड बसवले, त्यांवर तवा ठेवून डगमगत नाही ना ते पाहिलं आणि दारातून आत डोकावून लेकीला विचारलं, "आता नाय ना येवाचा धूर तुझे मोबाइलात?"

"नाही. पण आये, कॉल सुरू झाला की दारातपण यायचं नाही. भांडं वाजवू नको, कोणाला हाक मारू नको. कोंबड्या लांब हाकल."

"बरां गो."

रविना आरशात बघून शर्टाची कॉलर नीट करत होती. झरी गावातल्या त्यांच्या आदिवासी पाड्यावरून कॉमर्सच्या शेवटच्या वर्षापर्यंत पोहोचलेली ती पहिलीच मुलगी. बाप काकड्या उंबरगावला कंपनीत हेल्परीला जायचा, आई दुसऱ्याच्या शेतावर आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या तुकड्यावर. पोरीने बँकेत बसावं, एवढंच दोघांना कळत होतं. रविनाला मात्र शेअर बाजाराचा नाद लागला होता. कंपन्यांचे वार्षिक अहवाल ती मोबाइलवर अशी वाचायची, जशा दुसऱ्या मुली मालिका बघतात.

डहाणूच्या तिच्या कॉलेजात करिअर विभाग दक्षा मॅडम सांभाळत. त्या मनापासून राबायच्या. मुंबईच्या वित्त कंपन्यांतल्या माणसांना गळ घालून विद्यार्थ्यांशी व्हिडिओ कॉल ठरवून द्यायच्या आणि त्याआधी तयारीचा तास घ्यायच्या. वेळेच्या आधी हजर राहा, समोरच्याच्या कामाची माहिती काढा, थेट नोकरी मागू नका, शेवटी एक चांगला प्रश्न विचारा, आभाराचा मेल पाठवा. यातलं काहीच वाईट नव्हतं. पण तास संपल्यावर त्या पाड्यांवरच्या मुलींना वेगळं थांबवून घेत.

"हे बघा, तुमच्या भल्यासाठी सांगते," त्या आवाज खाली आणून म्हणत. "कुठल्या म्हणून विचारलं तर डहाणू सांगा. पाडा वगैरे बोलू नका. भाषा जपा. आणि मागे स्वच्छ भिंत हवी. घरातलं काही दिसू नये, काही ऐकू येऊ नये. पहिल्या मिनिटात माणूस ठरवतो, तुम्ही त्याच्या ऑफिसात शोभाल की नाही."

मुली माना डोलवायच्या. कारवीच्या काड्यांच्या, शेणाने सारवलेल्या कुडाची भिंत स्वच्छ कशी करायची, हे विचारायची सोय नव्हती. रविनाने शेजारच्या संगिताकाकीची पांढरी चादर आणून कुडावर ताणून बांधली. कॉलेजात बसून कॉल करता आला असता, पण तिथली एकच बरी खोली शहरातल्या मुलांनी आधीच धरून ठेवली होती.

कॉल वेळेवर लागला. समोर तुषार सर होते, मुंबईतल्या एका मोठ्या गुंतवणूक कंपनीत संशोधन विभागाचे प्रमुख. बोलायला मोकळे होते. त्यांच्या मागे खेळणी पसरलेली दिसत होती आणि भिंतीवर कोणा लहानग्याने खडूने केलेलं चित्र होतं.

"सो, रविना, कुठून बोलतेस?"

"डहाणू, सर."

"अरे वा, चिकू!" ते हसले.

तीही हसली. मग त्यांनी तिला तिने वाचलेल्या अहवालाबद्दल इंग्रजीत विचारलं आणि तीही इंग्रजीत बोलताना रंगून गेली. कर्ज वाढत असताना कंपनी लाभांश का वाटते, हा तिचा प्रश्न ऐकून ते पुढे सरकून बसले. तेवढ्यात त्यांची छोटी मुलगी धावत आली आणि मांडीवर चढली. "सॉरी हं, ही आमची बॉस," असं म्हणत त्यांनी तिला थोपटलं, आत कोणाला तरी हाक मारली, रविनाला थांबायला सांगितलं. रविना थांबली.

ते पुन्हा बोलू लागले, तेव्हा घरामागून आवाज आला. आधी लाकडं घसरल्याचा. मग "आये गो!" आणि लगेच कोणी तोंड दाबावं तशी शांतता.

रविनाची मान वळणार होती. तिने ती वळू दिली नाही. नजर कॅमेऱ्यावर ठेवली, गाल हसरे ठेवले. आये पडली असेल, लागलं असेल थोडंसं, असं मनाला सांगितलं. तयारी केलेला शेवटचा प्रश्न विचारला, त्याचं लांबलचक उत्तर मान डोलवत ऐकलं आणि आभार मानून कॉल बंद केला.

मग ती धावली.

रखमी सरपणाच्या ढिगाशेजारी बसली होती. पदराचा बोळा तोंडात. उजवा हात मनगटापासून सुजून काळानिळा होऊ लागला होता. बाहेरच्या चुलीला लाकूड कमी पडलं म्हणून तिने ढिगात हात घातला होता, आणि आत घोणस होती.

तिने पदर काढला. "झाला तुझा बोलून?"

"आये! हाक का नाही मारलीस?"

"तू विंग्रजीत बोलत होतीस. चांगला बोलत होतीस. कसा तोडू?"

संगिताकाकीचा मिथुन इको गाडी काढायला धावला. तलासरीच्या दवाखान्यात इंजेक्शनं सुरू झाली, तिथून सिल्वासाला हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी चावल्याची वेळ विचारली. रविनाने सांगितली. मग निघाल्याची वेळ विचारली. तीही सांगितली. डॉक्टरांनी दोन्ही वेळा लिहून घेतल्या. काकड्या कंपनीच्या कपड्यांतच येऊन पोचला आणि बाकड्यावर बसून राहिला. रखमीची लघवी बंद झाली, मग शुद्ध गेली. आठवडा संपायच्या आत तिला झरीला परत आणली, ती चादरीत गुंडाळून.

आईचे दिवस झाल्यावर रविना कॉलेजात गेली. बापानेच ढकलली. "घरात बसून काय करशील? जा," एवढंच तो म्हणाला.

त्या दिवशी दक्षा मॅडमचा धाकट्या वर्गासाठी तयारीचा तास होता. रविना मागच्या बाकावर बसली. तिची आई गेल्याचं मॅडमना माहीत होतं. कशी आणि केव्हा, हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, पोरीला चार चांगले शब्द ऐकवावेत. त्यांनी तुषार सरांचा मेल मोठ्याने वाचला. "मुलगी अत्यंत हुशार. कमालीची शांत आणि प्रोफेशनल. संपूर्ण कॉलमध्ये एकदाही लक्ष विचलित झालं नाही. नोकरीच्या निवडीच्या पुढच्या फेरीसाठी बोलवत आहोत."

मॅडमनी वर पाहिलं. "याला म्हणतात तयारी! टाळ्या वाजवा रविनासाठी."

टाळ्या वाजल्या. रविना उठून उभी राहिली. टाळ्या थांबू दिल्या.

"मॅडम, त्या कॉलमध्ये माझ्या आईला साप चावला."

सगळ्या माना मागे वळल्या.

"ती घरामागे होती. ओरडली आणि मग तिने तोंडात पदर कोंबला, कारण मी तिला आवाज करायचा नाही म्हणून बजावलं होतं. मी ऐकलं आणि हसत राहिले. सरांनी लिहिलंय ना, एकदाही लक्ष विचलित झालं नाही, ते खरं आहे."

दक्षा मॅडमचा चेहरा उतरला. "रविना, बेटा... आईला बाहेर बसव, असं मी कधी म्हटलं नव्हतं."

"नाही म्हटलंत. तुम्ही म्हणालात, घरातलं काही दिसू नये. आमच्या घरात आईशिवाय होतं काय?" तिचा आवाज चढला नाही. "त्या सरांची मुलगी मांडीवर येऊन बसली, तर ते हसले. त्यांचं घर दिसलेलं चालतं. आमचं घर दिसलं की आम्ही शोभत नाही. माझ्या आजीला लोक ओट्यावर चढू द्यायचे नाहीत, खाली बसवायचे, मॅडम. आता कोणी बसवायला लागत नाही. आम्हीच आमच्या आयांना बाहेर बसवतो, आणि त्याला टाळ्या मिळतात."

मॅडम खुर्चीवर बसल्या.

"मी पुढच्या फेरीला जाणार आहे," रविना म्हणाली. "झरीची आहे म्हणून सांगणार. आई कशी गेली तेही सांगणार. मग त्यांना शोभले तर शोभले."

तास तिथेच मोडला. बाहेर पडताना त्या धाकट्या वर्गातली, वेवजी गावची प्राजक्ता तिच्यापाशी आली. तिचा कॉल दुसऱ्याच दिवशी होता. "दीदी, माझ्याबरोबर बसशील?"

रविना वेवजीला गेली. प्राजक्ताची आई गंगी अंगणात अंग चोरून उभी होती, आणि बाप झुडपांच्या जाळीपलीकडे. रविनाने दोघांना घरात बोलावलं. "जसं रोज करता तसंच करा," ती म्हणाली. गंगी बिचकत चुलीपाशी बसली.

कॉल निम्म्यावर आला असेल. गंगीच्या हाताला तवा लागला आणि ती कळवळली. प्राजक्ताने घाबरून रविनाकडे पाहिलं. रविनाने होकाराची मान हलवली.

"सर, एक मिनिट थांबता का? माझ्या आईला भाजलंय."

"अरे, जा जा, बघ आधी," मोबाइलमधला माणूस म्हणाला. "मी आहे इथेच."

प्राजक्ता उठली, आईचा हात पाण्यात धरला, परत येऊन बसली. बोलणं जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू झालं. समोरच्या माणसाला त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

रविना उठून बाहेर आली आणि घराच्या मागच्या बाजूला जाऊन बसली. 'सर, एक मिनिट', एवढंच तर तिने त्या दिवशी म्हणायला हवं होतं. मग मात्र तिला हुंदका आवरेना, आणि ती मोठ्याने रडली, आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.