मऊ चाकं

सिस्टर रात्रपाळी संपवून घरी आली तेव्हा तिची नणंद, म्हणजे ताई, दारातच बसली होती. पायात रबरी बूट, डोक्याला टोपी, आणि चेहरा असा की जणू कुणाला तरी शेवटचं भेटायला निघाली आहे.

"चहा घे आधी," ताई म्हणाल्या. "आज काही घाई नाही."

घाई नव्हती, कारण आज शेवटचीच खेप होती. दहा वाजता बोट बघायला माणूस येणार होता. पसंत पडली की तो घेऊनच जाणार होता.

बोट म्हणजे ताईंची कयाक, वल्ह्याने मारायची होडी. एका माणसापुरती, लांबट, पिवळी, तीस किलोची. परसातल्या शेडपासून पाण्यापर्यंत आधी डांबरी गल्ली आणि मग दोनशे पावलं भुसभुशीत वाळू. इतकी वर्षं एक टोक ताई धरायच्या आणि दुसरं त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे सिस्टरचा नवरा. तीन महिन्यांपूर्वी त्याच्या मणक्याने संप पुकारला. तेव्हापासून तो पलंगावरून सल्ले देतो, आणि ते दुसरं टोक आपसूक सिस्टरच्या गळ्यात पडलं. तिला सिस्टर हे नावही ताईंनीच चिकटवलेलं. वॉर्डात सगळे म्हणतात, मग घराने काय घोडं मारलंय, असं म्हणून.

सिस्टरने कधी कुरकुर केली नाही. फक्त गेल्या रविवारी टोक धरून वाळूतून चालता चालता तिचा डोळा लागला. उभ्याउभ्या. बोट पायावर आदळली तेव्हा ती म्हणाली, "आले हं आजोबा, बेल वाजवू नका."

ताई त्या दिवशी हसल्या. मंगळवारी जेवताना त्यांनी सांगून टाकलं, "गिऱ्हाईक मिळालंय. तुझ्या हाडांवर माझी हौस नको."

ते ऐकून सिस्टरला आधी काय वाटलं असेल, तर हायसं वाटलं. सुटले बाई. आणि तेच तिला रात्रभर टोचत राहिलं. ताईंनी पस्तीस वर्षं एका कचेरीच्या खिडकीमागे बसून लोकांचं बोलणं ऐकून घेतलं होतं, आईवडिलांचं शेवटपर्यंत केलं होतं, भावाचा संसार आपला मानला होता. आठवड्यातला तो पाण्यावरचा एक तास त्यांना कुणी काही विचारत नसे. परत आल्या की दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलताही येत असे. हे सगळं आपल्या एका डुलकीपायी बुडायचं?

म्हणून बुधवारी ती चाकांच्या दुकानात गेली होती. बोट ठेवून ओढायच्या छोट्या गाड्या तिथे टांगलेल्या. तिने वॉर्डातली व्हीलचेअर निवडावी तशी निवड सुरू केली. पहिली जोडी बारीक, टणक चाकांची. लादीवर एका बोटाने ढकलली तर थेट काउंटरपर्यंत गेली.

"हीच द्या."

"लादीवर सगळीच पळतात, बाई," दुकानदार म्हणाला. "तुम्हाला पळवायचीय कुठे?"

"वाळूत."

"मग ही सुरीसारखी कापत खाली जातील." त्याने फळीवरून दुसरी जोडी काढली. ढोली, गुबगुबीत, भोपळ्याएवढी.

"अगंबाई, ही तर बाळसं धरलेली आहेत."

"वाळूत बाळसंच कामाला येतं."

पाळीची वेळ झाली होती. आणखी काही न विचारता तिने ती गाडीसकट घेतली, आणि काल कामावर निघायच्या आधी पंप मारून दगडासारखी कडक करून ठेवली. व्हीलचेअरचं चाक अंगठ्याने दाबलं तर दबता कामा नये, हा तिचा वीस वर्षांचा शिरस्ता. नव्या पोरींना ती पहिल्या दिवशी हेच शिकवायची.

चहा झाल्यावर दोघींनी बोट गाडीवर चढवली. गल्लीत गाडी अशी धावली की ताई म्हणाल्या, "जावयासारखी चाललीय गं ऐटीत." वाळू लागली आणि दहाव्या पावलाला ऐट संपली. दोन्ही चाकं खाली बसली. ताईंनी ओढलं, सिस्टरने मागून रेटलं, तशी ती आणखी रुतली.

"राहू दे," ताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकवेना. "त्या माणसाला इथेच बोलवू. त्याची त्याला नेऊ दे."

सिस्टर बोटीच्या कडेला टेकली. पाठ ठणकत होती, डोळ्यांत वाळू नसतानाही वाळू होती. सवयीने तिने चाकावर अंगठा दाबला. कडक. अगदी हवं तसं. तिला आज पहाटेची सहा नंबरची खाट आठवली. आजोबांच्या पाठीखालची हवेची गादी कुणीतरी नगाऱ्यासारखी ताठ फुगवली होती, आणि टाचा लाल झाल्या होत्या. हवा कमी केल्यावर म्हातारा गादीत नीट पसरला आणि घोरायला लागला.

तिने चाकाचं टोपण काढलं.

"अगं, काय करतेस?"

"गादी मऊ करतेय."

"जागरणाने डोकं फिरलंय तुझं."

"फिरू दे. बोट उचलून धरा जरा."

फुस्स आवाज बराच वेळ येत राहिला. अंगठा पेरभर आत जाईपर्यंत तिने हवा सोडली, मग दुसऱ्या चाकाची. गाडी मागून काढून बोटीच्या बरोबर मधोमध घेतली आणि पट्टे आवळले. चाकं आता खाली चपटी, आळसावलेली दिसत होती.

ताईंनी दोर धरला. बोट हलली. मग चालली.

"एका हाताने येतेय गं," ताई कुजबुजल्या, जणू मोठ्याने बोललं तर थांबेल. थोडं पुढे जाऊन त्या वळल्या. "दहा वाजता तो येईल."

"येऊ दे."

"मग?"

"मग तुम्ही पाण्यात असाल."

दहा वाजून पाच मिनिटांनी नवऱ्याचा फोन आला. "तो माणूस आलाय. काय सांगू?"

"सांगा, बोट बाहेर गेलीय."

"आणि ताई?"

"त्याही तिच्यातच आहेत."

"परत कधी येणार?"

"मी विचारलं नाही."

"मग तू तिथे काय करतेयस?"

"काही नाही," सिस्टर म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की हे अगदी खरं आहे.

समोर पिवळा ठिपका लहान होत चालला होता. वाळूत चाकांचे दोन रुंद पट्टे उमटले होते, इतके उथळ की वारा ते आत्ताच पुसत होता. शेजारी तिच्या स्वतःच्या टाचांचे खड्डे, चांगले चार बोटं खोल. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने चपला काढून उशाला घेतल्या आणि हातपाय पसरून आडवी झाली.