भुशाचं अंथरूण

सुताराची बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली, ती घरदार आणि नवरा दोन्ही वाऱ्यावर सोडून. बजावून गेली ते फक्त लंगडीबद्दल. "तुम्ही एकवेळ उपाशी राहा, पण तिला जपा."

लंगडी म्हणजे कोंबडी. पिल्लू असताना बाकीच्यांनी टोचून टोचून तिचा पाय अधू केला, तेव्हापासून बायकोने तिला पदराखाली वाढवलेलं. इतर कोंबड्या अंगणातल्या खुराड्यात आणि ही राणी घरात, पुढच्या खोलीतल्या कामाच्या बाकाखाली, खोक्यात.

आणि नेमकी तीच आजारी पडावी. आधी नुसती शिंकायची, मग गळ्यातून घरघर सुरू झाली. चोच उघडी टाकून, मान लांबवून ती श्वास ओढायला लागली. बायको रविवारी परतणार होती. तिला तोंड कसं दाखवायचं?

हाताला कसब असलं म्हणून छातीला धीर असतोच असं नाही. सुताराला सुचेल ते त्याने केलं. वारा लागू नये म्हणून खिडकी लावून घेतली. बायको खोक्यात जुनं पोतं घालायची, ते त्याने ती गेल्या गेल्याच काढून टाकलं होतं आणि भुसा अंथरला होता. करवतीचा जाडाभरडा नव्हे. लाकूड पॉलिश पेपरने घासल्यावर पडतो तो, चाळून घेतलेला, पिठासारखा मऊ. आता आजार वाढला तसा तो थरही वाढवत गेला. शेजारी कुंपणावरून म्हणाला, "अंगावर मांस आहे तोवर पातेलं चढवा." सुताराने त्याच्याशी बोलणंच टाकलं.

संध्याकाळी बायकोचा फोन आला.

"लंगडी कशी आहे?"

"मजेत."

"आणि घर्रघर्र कसली चाललीय?"

"रंधा मारतोय."

रंधा खुंटीवर होता. सुताराला स्वतःचीच लाज वाटली आणि त्याने विषय बदलला. "तुझा खोकला कसा आहे?"

"अहो, तो गेलाच की. इथलं पाणी मानवलं बघा."

चला, एक काळजी तरी मिटली, असं त्याला वाटलं. तिचा खोकला कित्येक वर्षांचा, घरातल्या माणसासारखाच झालेला. ती कुठल्या खोलीत आहे हे सुताराला खोकल्यावरून कळायचं.

दुसऱ्या दिवशी लंगडीने दाण्याला चोच लावली नाही आणि तिचा तुरा काळपट दिसायला लागला. सुताराने हत्यारांची पिशवी रिकामी केली, तळाशी मऊ भुसा घातला, तिला आत बसवलं आणि जनावरांचा दवाखाना गाठला. वाटेत घरघर थांबली की त्याचेही पाय थांबायचे.

डॉक्टरीणबाईंनी तिची छाती ऐकली, चोच उघडून घसा पाहिला.

"बाकीच्या कोंबड्या कशा आहेत, काका?"

"ठणठणीत. त्या अंगणातच असतात."

"आणि ही कशावर झोपते?"

सुताराने पिशवीतला भुसा मोठ्या कौतुकाने पुढे केला. बाईंनी चिमूटभर उचलून हलकीच फुंकर मारली. खिडकीतून आलेल्या उन्हात ती धूळ तरंगत राहिली. खाली बसेचना.

"हे तिच्या छातीत जातंय, काका. जितकं मऊ, तितकं आत जाणार. औषधाचे थेंब चोचीच्या कडेने घाला, घशात ओतू नका. धुळीपासून लांब, मोकळ्या हवेत ठेवा. वाचेलच असं मात्र आज सांगवत नाही."

मायेने अंथरलं तेच तिच्या जिवावर उठलं होतं. घरी येऊन सुताराने खोकं धुतलं, त्यात बायकोचं जुनं लुगडं घातलं आणि ते ओसरीवर नेऊन ठेवलं. थेंब चोचीच्या कडेने, एकेक करून घातले.

एका सकाळी जाग आली, तर ओसरीवरून आवाजच नव्हता. तो अनवाणी बाहेर धावला. लंगडी चोच मिटून, आवाज न करता श्वास घेत बसली होती. त्याला बघून तिने वाटीतला दाणा टिपला. सुतार पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला.

बायकोला सांगावं म्हणून तो फोन आणायला आत गेला. बाक ओलांडला, पडदा सारला. पडद्यापलीकडे त्यांचा पलंग. फोन बायकोच्या उशीशेजारच्या फळीवर होता. उचलला, तर खाली फोनच्या आकाराची स्वच्छ जागा उरली. भोवती सगळं भुशाचं पीठच पीठ.

फोन हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. म्हणे पाणी मानवलं.

रविवारी बायको आली, तेव्हा बाक अंगणात पत्र्याखाली होता, पुढची खोली धुऊन काढलेली होती आणि लंगडी पायरीवर ऊन खात होती.

"अहो, बाक बाहेर कशाला काढलात? पाऊस आला म्हणजे?"

"येऊ दे."

"डोकं फिरलंय," असं लंगडीला सांगत ती आत गेली. सुतार रंधा हातात धरून कान लावून उभा राहिला. बराच वेळ गेला. ती कुठल्या खोलीत आहे, ते त्याला कळेना.