शिफ्ट बदलली तो दिवस

जयाचे डोळे मिटू लागले तसा पंचफुलानं ओला हात तिच्या तोंडावरून फिरवला. दीड वर्षाची पोर दचकली आणि तिनं भोकाड पसरलं. सकाळचे नऊ वाजले होते.

आठवडाभर नवऱ्याची, नत्थूची, रात्रपाळी होती. दिवसा त्याला झोप मिळावी म्हणून पंचफुलानं वाटी-चमचा वाजवून पोरीला रात्रभर जागवलं आणि दिवसा निजवलं. आजपासून त्याची पहिली, सकाळची शिफ्ट, म्हणजे सगळं उलटं. भिलाईत पोलाद कारखान्याची शिफ्ट बदलली की घरांची घड्याळंही बदलत, पण जयाचं नाव काही हजेरीपुस्तकात नव्हतं. तीन महिने तिघांच्याही झोपेचं खोबरं झालं होतं. शेवटी काल नत्थूनं कुणाकडून तरी अफूची गोळी आणली. "उद्या रातच्याला पोरीले दे," म्हणाला. गोळी पंचफुलाच्या पदराच्या गाठीत होती आणि तिचा हात सारखा तिकडे जात होता.

रडणं ऐकून शेजारच्या मैनाबाई आल्या. पाच लेकरं वाढवलेली, गोंदियाकडची म्हातारी.

"झोपू दे वं तिले."

"आता झोपली तं रातभर जागंल. मंग हे कसे झोपतीन? भट्टीवर डोळा लागला तं?"

"आन् तू कवा झोपली होती?"

पंचफुला आठवू लागली. आठवेना. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिला रडू फुटलं.

मैनाबाईंनी सतरंजी अंथरली.

"पोरीजवळ पड. तिचा डोळा लागला तरी हात काढू नोको. भात मी टाकतो."

एरवी पोर निजली की पंचफुला भांड्यांकडे धावायची. आज तिचा हात पोरीच्या पाठीवरच राहिला. जया दोनदा दचकली, तो हात तिनं चाचपला आणि पुन्हा निजली.

तीन वाजता नत्थू आला, तेव्हा मायलेकी सतरंजीवर गाढ झोपल्या होत्या. त्यानं पोरीला हाक मारली. ती हलली नाही. त्यानं पंचफुलाचा खांदा हलवला.

"पंचफुला! किती देल्ली वं? आक्खी देल्ली?"

तिनं डोळे उघडले. एक हात पोरीच्या पाठीवर तसाच ठेवून दुसऱ्या हातानं पदराचं टोक त्याच्यापुढं धरलं.

गाठ घट्ट होती. नत्थूच्या बोटांना ती लवकर सुटेना. सुटली तेव्हा आतली अख्खी गोळी त्यानं चुलीत टाकली.

मग बूट हातात घेऊन तो बाहेर ओट्यावर गेला आणि मैनाबाईंनी झाकून ठेवलेला भात त्यानं थंडच खाल्ला, ताटाचा आवाज न करता.