काळजी, शून्य ते पाच

आई ठीक आहे.

हे वाक्य सगळ्यात वर लिहून टाकते. खालचा तक्ता भरत होते तेव्हा ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. कोणाला घाई असेल तर इथेच थांबावं, काही बिघडणार नाही.

बाकीच्यांसाठी:

मी नुपूर. ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमध्ये एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. माझी आई सुहासिनी, सदुसष्ट वर्षांची, पुण्यात एकटी राहते. इकडचा पाऊस ओसरला की एप्रिलमध्ये येते आणि जूनच्या मध्याला आपल्या घरी परत जाते. "पाहुण्यासारखी येते आणि पाहुण्यासारखी जाते, म्हणून जावई अजून हसून बोलतो," असं तिचं म्हणणं.

या एप्रिलमध्ये तिने बाल्कनीतला नळ उघडा ठेवला. पाणी खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या बार्बेक्यूवर गेलं. तो "नो वरीज" म्हणाला, पण वरी मला लागली. मग तिने माझ्या मुलीला, उर्वीला, दोनदा 'नुपूर' म्हणून हाक मारली. आमटीत दोनदा मीठ. मी तिला मेमरी क्लिनिकमध्ये घेऊन गेले. नर्सने तारीख विचारली.

"पंधरा," आई म्हणाली.

सोळा होती.

मोठे डॉक्टर महिन्यातून एकदाच येतात, त्यांची वेळ मिळाली २८ मेची. तोवर घरच्यांनी एक तक्ता भरायचा. तीन रकाने: तारीख. काय घडलं. काळजी किती, शून्य ते पाच. आणि नर्सने बजावलं, त्यांची चूक दाखवायची नाही, परीक्षा घ्यायची नाही, फक्त लिहायचं.

एक गोष्ट कुठल्याच रकान्यात नव्हती. आकडे वाईट निघाले तर जूनचं तिकीट रद्द, पुण्याचं घर बंद. हे मी आणि माझा नवरा शौनक, आम्ही ठरवून टाकलं होतं. आईला न विचारता.

मध्ये आलं फ्रान्स.

आईने पुण्यात शाळेत बत्तीस वर्षं फ्रेंच शिकवलं आणि फ्रान्स कधी पाहिलं नाही. तिच्या वर्गात १९८८ सालचं एक कॅलेंडर होतं. पूर्व फ्रान्समधल्या ज्युरा नावाच्या डोंगराळ भागाचं, बारा चित्रं: तळी, धबधबे, कड्यावरची जुनी दगडी गावं. ते तिने निवृत्त होईपर्यंत भिंतीवरून काढलं नाही. पोरं त्यावर महिने शिकली, ऋतू शिकली, रंग शिकले. फेब्रुवारीत मी तिला तिकीट काढून दिलं होतं. क्लिनिकमधून परतताना गाडीत म्हणाले, "आई, आपण हे पुढच्या वर्षी करू या का?"

"तिकीट रद्द करायचं असेल तर आधी मला रद्द कर," ती म्हणाली आणि रेडिओ लावला.

म्हणून मग मी सगळं बांधून दिलं. पहिल्या तीन रात्री शालें नावाच्या तळ्याकाठी. मग शातो-शालों नावाचं कड्यावरचं गाव. तिथूनच शेवटी मठाचं गाव. टॅक्सीवाल्यांचे नंबर, गाड्यांच्या वेळा. एक प्रत तिच्या पर्समध्ये, एक आमच्या फ्रिजवर. आणि एक अट: तिथल्या सकाळी आठला, म्हणजे आमच्या 'आर्व्हो'ला, दुपारी साडेतीन वाजता, एक मेसेज. कुठे आहे तेवढंच.

नऊ मेच्या संध्याकाळी विमानात बसवली.

आता तक्ता. पेन निळं, माझं.

*

११ मे.
काय घडलं: मेसेज आला. "पोचले. शातो-शालों. झोप छान लागली." फ्रिजप्रमाणे ती तळ्याकाठी आहे. नावं जवळजवळची आहेत, गोंधळली असेल.
काळजी: १. (आधी २ लिहिलं होतं.)

१२ मे.
काय घडलं: व्हॉइस मेसेज. "अगं, काल मठ बघितला. तिन्ही बाजूंनी उभे कडे आणि वाटीच्या तळाशी उरलेल्या आमटीएवढं गाव." फ्रिजप्रमाणे काल धबधबा होता. मठ शेवटी आहे.
काळजी: ३.

(रकाना संपला, समासात लिहिते. शौनक समुद्रातल्या गॅस प्लॅटफॉर्मवर, दोन आठवडे तिकडेच. फोनवर म्हणाला, "अगं, सरळ विचार ना, कुठे आहात म्हणून."
"परीक्षा घ्यायची नाही असं सांगितलंय."
"ही काय परीक्षा आहे? पत्ता विचारणं आहे."
"शौनक, पहिला प्रश्न तोच असतो त्यांच्या टेस्टमध्ये. तुम्ही आत्ता कुठे आहात."
तो म्हणाला, "आवाज कसा होता?"
आवाज खूश होता. हे मी लिहिलं नाही. खूश असण्याला रकाना नव्हता.)

१३ मे.
काय घडलं: मेसेज. "आज संध्याकाळी तळ्यावर जाते. तीन दिवस राहीन." तळ्याचे तीन दिवस काल संपले. ते तीन दिवस तिच्या डोक्यातून गेले.
काळजी: ५.

१४ मे.
काय घडलं:

*

काही घडलं नाही, हेच घडलं. साडेतीन वाजले, चार वाजले. शिफ्ट संपवून उर्वीला घेऊन घरी आले. फोन वाजत होता, कोणी उचलत नव्हतं. बारा वेळा. तळं, धबधबा, सदुसष्ट वर्षांची बाई आणि तीन दिवस पुसलेले. काळजीच्या रकान्यात सहा लिहिता येतं का, हे मी खरंच कागद उलटून पाहिलं.

सहा वाजता तळ्याच्या हॉटेलला फोन लावला. तिकडे सकाळचे साडेदहा. एका बाईने उचलला. माझं इंग्रजी, तिचं इंग्रजी, मध्ये बरीच शांतता.

"मादाम सुहासिनी? हो हो, आहेत. म्हणजे नाहीत. धबधब्यावर गेल्या, साडेसातला, सँडविच घेऊन. फोन इथे चार्जरवर आहे. सकाळपासून नाचतोय टेबलावर. तुम्ही वाजवताय का?"

मी खाली बसले. स्वयंपाकघरात, जमिनीवरच.

"तुम्ही मुलगी ना? तुम्हीच बुकिंग केलं होतं?" ती बाई म्हणाली. "मला फार वाईट वाटलं हो तेव्हा. पण तुम्ही खोली नऊ तारखेपासून घेतली होती. नऊला कोणी आलं नाही, फोन नाही. दहाला लग्नाची मंडळी आली, मी त्यांना दिली. मादाम दहाला संध्याकाळी दारात. मी काय करणार?"

"मग?"

"मग काय, त्यांनी पर्समधून कागद काढला, पुढचं गाव कुठलं ते दाखवलं, आणि म्हणाल्या, उलटं करू या. आधी तिकडे, मग इकडे. फोन त्यांनीच लावला. काय फ्रेंच बोलतात! माझ्या आजीसारखं. आता असं कोणी बोलत नाही."

मी फोन कानाला धरूनच फ्रिजसमोर उभी राहिले. विमान: ९ मे, संध्याकाळ. पोचणार: १० मे. त्याच्या खालची ओळ, माझ्याच अक्षरात: खोली, ९ मेपासून तीन रात्री.

एका दिवसाने.

आमच्या फार्मसीत औषधाच्या प्रत्येक चिठ्ठीवर दोन सह्या लागतात. एक भरणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. फ्रिजवरच्या कागदावर एकच होती.

"मम, आर यू लाफिंग ऑर क्राइंग?" उर्वीने विचारलं.

"दोन्ही. जा, आइसक्रीम काढ."

"बिफोर डिनर?"

"बिफोर डिनर."

*

पावणेनऊला आईचा फोन.

"बारा मिस्ड कॉल! कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. आई, तुला खोली नव्हती मिळाली. सांगितलं का नाहीस?"

"ती हॉटेलवाली ना? बोलघेवडी आहे एक नंबरची."

"आई."

"अगं, तू शिफ्टा करकरून रात्री ते सगळं जमवलंस. एका दिवसाने चुकलीस. त्यात काय सांगायचं? आणि खरं सांगू? सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, आईनेच घोळ घातला. हल्ली माझ्याकडे कशी बघतेस माहितीये? भात शिजलाय का ते शीत चेपून बघतात ना, तशी."

खरं होतं ते.

"मलाही तेच वाटलं होतं," ती म्हणाली. "त्या दारात. बाई म्हणाली, तुमची खोली काल होती. म्हटलं, झालं. म्हणजे नुपूरचं बरोबर आहे. माझा एक दिवस कुठेतरी सांडला. मग चष्मा लावला. पासपोर्टवरचा शिक्का बघितला, तिकीट बघितलं, तुझा कागद बघितला. तीनदा. आणि नुपूर, मी नव्हते गं! तू होतीस!"

"हो, मी होते."

"इतकं बरं वाटलं मला. बेघर उभी होते तिथे, सात वाजलेले, लग्नातला कोणीतरी ॲकॉर्डियन वाजवतोय. आणि मी हसतेय. त्या बाईला वाटलं, म्हातारीला धक्का बसला."

*

ती एकवीसला परत आली. विमानतळावरून येताना मी तिला तक्त्याबद्दल सांगितलं. तिने डायनिंग टेबलवर बसून सगळा वाचला. दोनदा. शिक्षिकेसारखा, बोट ओळीखाली ठेवून. मला वाटलं, आता रडेल किंवा चिडेल.

"पेन दे. निळं नको," ती म्हणाली.

उर्वीचं हिरवं मिळालं. खालचं सगळं हिरवं.

*

१० मे. खोली नव्हती. बाकी नुपूरला माहीत आहे.
काळजी: ०.

११ मे. शातो-शालों. मी गोंधळले नव्हते, तिथेच होते. कड्याच्या टोकावर गाव, दगडी पाट्यांची छपरं, खाली द्राक्षाचे मळे. घरवाल्या मादामने संध्याकाळी इथली पिवळी वाइन दिली. आंबूस, अक्रोडाचा वास. एक घोट घेतला. मग दुसरा. हे शौनकला सांगू नये. दुपारी तिने गाडीतून मठाच्या गावी नेलं. कॅलेंडरवर हे सप्टेंबरचं चित्र. चित्रात एक हिरवी खिडकी होती, पोरांना 'व्हेर', म्हणजे हिरवा, हा शब्द मी त्या खिडकीवर शिकवला. आता ती निळी आहे. बत्तीस वर्षं चुकीचं शिकवलं की काय!
काळजी: ०.

१३ मे. तळं. पाण्याचा रंग साबणाच्या वडीसारखा. काठावर बसून पाय सोडले. गार म्हणजे गार. एक म्हातारा पोहत होता, मला म्हणाला, या की. म्हटलं, मी पुण्याची आहे, आम्ही आधी विचार करतो.
काळजी: थोडी, त्याची.

१४ मे. एरिसोंचे धबधबे. एकाच नदीचे, पायऱ्या उतराव्यात तशी नदी उतरते आणि माणसाने चढायचं. सर्वांत मोठ्याला पंखा म्हणतात, हाताने वारा घ्यायचा तसला. कॅलेंडरवर तो जून. माझ्या वर्गात जून म्हणजे नवी पोरं. आवाज इतका होता की मी जुन्या वर्गाची हजेरी मोठ्याने घेतली. रोल नंबर एक ते अठ्ठेचाळीस, १९९४ ची दहावी ब. कोणाला ऐकू गेलं नाही. तेरा नंबर आठवला नाही. उतरताना आठवला. फोन मुद्दाम ठेवून गेले होते. याची माफी मागते.
काळजी: नुपूरची ५. माझी ०.

*

२८ मेला डॉक्टरांनी तासभर घेतला. घड्याळ काढायला लावलं, शब्द विचारले, उलटे आकडे. तारीख विचारली. आई म्हणाली, "अठ्ठावीस. बुधवार." मग माझ्याकडे बोट केलं. "यांना विचारू नका, या चुकतात."

डॉक्टर हसले. वयाच्या मानाने छान आहे म्हणाले. एप्रिलमध्ये ती पुण्याहून येऊन जेमतेम आठवडा झाला होता, झोपेचा पत्ता नव्हता. एका दिवसाची चूक तर त्यांची स्वतःचीही होते. वर्षाने पुन्हा या. तक्ता त्यांनी चाळला, हिरव्या अक्षरांवर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं.

"दुसरी सही," मी म्हणाले.

मूळ कागद त्यांनी मला परत दिला. तो आता फ्रिजवर आहे. परवा आईने त्यात अजून एक ओळ घातलेली दिसली, सगळ्यांच्या वर, जिथे जागा नव्हती तिथे, बारीक अक्षरात:

९ मे. मी विमानात. तळ्याकडे तोंड असलेली एक खोली माझ्या नावावर रात्रभर रिकामी. काळजी: ०.

आज तिच्या जूनच्या तिकिटाचं प्रिंट काढलं. ती समोर येऊन बसली, हिरवं पेन उघडून.

"वाच."

"१४ जून, डार्विन, संध्याकाळ. सिंगापूर. मग पुणे."

"पोचणार कधी?"

"पंधराला."

"नक्की?"

मी पुन्हा बघितलं. "नक्की. पंधराला."

"मग दूधवाल्याला कधीपासून सांगायचं?"

"सोळापासून."

"पंधराच्या संध्याकाळपासून," आई म्हणाली आणि सही केली. "पोचल्यावर चहा लागतो."