मुक्काम पोस्ट पोटाची चरबी

मी टीएचसी बोलतोय. गांजाच्या नशेतला मुख्य आरोपी. पूर्ण नाव विचारू नका, जीभ वळायची नाही.

माझा जन्म गांजाच्या फुलावरच्या चिकट केसांत झाला. तिथे मी कुणाच्या अध्यात ना मध्यात. काडी लागली, चटका बसला, तेव्हा कुठे माझ्या अंगात आलं.

मला ओढणारा गडी क्रेन चालवायचा. पाठ ठणकते म्हणून रोज जेवणाच्या सुट्टीत दोन झुरके. मी फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून थेट मेंदूत. भूक, वेदना, आठवणी ताब्यात ठेवायला माणसाचं शरीर माझ्यासारखेच पदार्थ स्वतः बनवतं, पण बेताने. त्यांच्या राखीव जागांवर मी बिनदिक्कत जाऊन बसलो. पाठ गप्प झाली. शिवाय तोंडाला कोरड, डोळे लाल, डब्यावर आडवा हात आणि मिनिटाचा तास.

अंतराचा अंदाजही मीच बिघडवला. एका दुपारी त्याने लोखंडी तुळई उतरवली, ती खाली उभ्या असलेल्या धाकट्या भावाच्या डोक्याच्या वीतभर वर येऊन थांबली.

"दादा, केस कापायचे होते तर सांगायचंस!" धाकटा हसला.

थोरला खाली उतरला आणि भिंतीला धरून ओकला. त्या दिवसापासून त्याने मला सोडलं.

मी कसला सोडतोय! पाण्याशी माझं पटत नाही, चरबीशी मात्र गट्टी. त्याच्या पोटावर ती मुबलक. तीन आठवडे तंगड्या पसरून पडलो होतो. मग फलकावर सूचना लागली: सोमवारी सगळ्यांची लघवी तपासणार, नशा सापडली की नोकरी गेली.

"पळ! घामावाटे सगळं निघून जातं," धाकट्याने अक्कल पाजळली.

थोरला बिचारा चार दिवस मैदानाला फेऱ्या मारत होता. धाकटा बाकावर बसून "अजून एक!" ओरडायचा. चरबी वितळली, तसे झोपलेले आम्ही उठून पुन्हा रक्तात. यकृताने माझं रूप पालटलं, पण ओळख पुसली नाही. घामाशी माझा फारसा संबंध नाही हो. मी निघालो तो सोमवारी सकाळी, डबीत.

अजून डबीतच आहे. तपासणीच्या बाई चिठ्ठी चिकटवतायत. दाराबाहेर दोघे भाऊ बसलेत.

"दादा, नोकरी गेली तर?"

"जाऊ दे. तू आहेस ना."

बाई, तपासणीच्या पट्टीवर मी दिसणारच, लपायची सोय नाही. पण याने मला कधी सोडलं आणि कुणासाठी, ते लिहायला तुमच्या कागदावर रकाना आहे का? नसेल तर समासात लिहा.